पिळाचा खांब आणि सुताचा हिशेब

मे महिन्याच्या उन्हात कापलेला सागाचा पिळाचा खांब कॅलिपरमध्ये फिरवून पाहिला, तर सगळीकडून सारखा भरतो. तोच खांब ऑगस्टमध्ये, पर्लकोटा नदीचं पाणी पुलाला लागलेलं असताना, पुन्हा मोजावा. एका बाजूने तो पाव सूत जास्त भरू शकतो. कारागिराचा हात अशा वेळी सवयीने पान्याकडे जातो. मशीन सरकली असं समजून तो चांगले बसलेले बोल्ट सैल करतो, आणि मग खरोखरच मशीन बिघडते. हेमलकसा-भामरागडच्या पट्ट्यात नक्षीकामाची मिल चालवायची असेल, तर यंत्राची चूक कोणती आणि लाकडाची कोणती, हे आधी ओळखायला शिकावं लागतं. बाकीचं सगळं मोजमाप त्यानंतर.

ही मिल म्हणजे लेथ आणि राउटर यांचा संसार. साध्या लेथवर लाकूड जोरात फिरतं आणि पटाशी हातात स्थिर असते. इथे उलट आहे. लाकूड दोन सेंटरच्या टोकांमध्ये धरलेलं असतं आणि हँडलने अगदी सावकाश फिरतं. वर दोन रुळांवरून एक गाडा सरकतो आणि त्या गाड्यावर खाली तोंड करून राउटर बसवलेला असतो. गाडा ओढणारा लांब आट्यांचा स्क्रू आणि लाकूड फिरवणारा दांडा हे दोन्ही गिअरने जोडले, की पीळ पडतो. गिअर सोडवून लाकूड जागेवर अडकवलं आणि फक्त गाडा चालवला, की सरळ पन्हळ. गाडा अडकवून फक्त लाकूड फिरवलं, की कडी आणि मणी. देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याच्या काठ्या, सगळं या तीन हालचालींतून निघतं.

कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये होल्त्झाप्फेल घराण्याने असे नक्षीचे लेथ बनवून विकायला सुरुवात केली. लाकूड ठरावीक अंशांत फिरवायची भोकांची चकती आणि वेगाने फिरणारं छोटं पातं हीच त्यांचीही युक्ती होती. अलीकडे अमेरिकेतल्या लेगसी कंपनीने हेच तत्त्व राउटरला जोडून ‘ऑर्नामेंटल मिल’ या नावाने घरगुती कारखान्यांपर्यंत नेलं. आपल्याकडे सुरूच्या आकाराचे खांब हाताने घडत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचं सागवानी काम आजही जाऊन पाहता येतं, आणि ते पाहिलं की पटाशीने काय साधतं ते कळतं. मिल त्या हाताची बरोबरी करत नाही. पण एकसारखे चोवीस दांडे हवे असतील तर ती हवी, आणि ते एकसारखे यावेत एवढ्यासाठीच तिची मांडणी नेमकी लागते.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला, तेव्हा इथे वीज नव्हती आणि पुढे कित्येक वर्षं आली नाही. आजही पावसाळ्यात वीज जाते-येते. त्या दृष्टीने हँडलची मिल या मुलखाला सोयीची: विजेवर फक्त राउटर चालतो, बाकी चाल हाताची. कापता कापता वीज गेली तरी गाडा आहे तिथेच थांबतो. राउटर उचलून घ्यावा, वीज आली की त्याच जागी उतरवावा, पीळ मोडत नाही. अट एकच: यंत्रात ढिलाई नको.

लाकूडही घरचंच. आलापल्लीचा साग नावाजलेला. तिथलं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे जुनं जंगल २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. बल्लारपूरच्या डेपोतला साग मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाला. कमलापूरच्या सरकारी कॅम्पमधले हत्ती एके काळी या जंगलातले ओंडके ओढत असत. एवढं मोलाचं लाकूड वाकड्या बसलेल्या मिलवर चढवून फुकट घालवणं जिवावर येतं. डेपोतून माल घेतल्याची पावती आणि वाहतूक परवाना कारखान्यात जपून ठेवावा, आणि मिल बसवण्याआधी परवान्याबाबत वन कार्यालयात विचारून घ्यावं. हे दोन्ही लाकडाला हात लावण्यापूर्वीचं काम.

बैठक

मिल कुठे ठेवायची, इथून सुरुवात. शेणाने सारवलेल्या किंवा मुरमाच्या जमिनीवर चार पाय टेकले, की पावसाळ्यात एखादा पाय दबतो आणि सगळा सांगाडा पिळतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण डावीकडचा रूळ एका टोकाला वर जातो. निदान पायांखाली तरी सिमेंटचे ठोकळे ओतून घ्यावेत. सांगाड्याखाली प्लायवूडचा पाट असेल तर तो काढून लोखंडी चॅनल घालावा. प्लाय ओलाव्याने फुगतो, आणि मग मिलचं माप महिन्यागणिक बदलतं.

पाणसळ रुळावर लांबीने ठेवावी आणि आडवीही. आडवी पाहणं जास्त महत्त्वाचं, कारण पीळ तिथेच कळतो. त्याची एक जुनी सुतारी पद्धत आहे. दोन अगदी सरळ, सारख्या उंचीच्या लाकडी पट्ट्या घ्याव्यात. एक या टोकाला दोन्ही रुळांवर आडवी, दुसरी त्या टोकाला. मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून लांबची कड पाहावी. दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर झाकल्या गेल्या तर सांगाडा सपाट. एक कड डावीकडे वर डोकावली तर पिळलेला. पट्ट्या जितक्या लांब, तितका पीळ मोठा दिसतो. ज्या पायाखाली जागा आहे तिथे पत्र्याची पाचर सरकवावी. बोल्ट आवळून सांगाडा ओढून घेऊ नये. आवळून सरळ केलेलं लोखंड बोल्ट सैल होताच परत फिरतं.

दोन टोकांची गाठ

मिलवर सगळं मोजायचं ते एका अदृश्य रेषेपासून: लाकूड फिरवणाऱ्या हेडस्टॉकच्या टोकापासून समोरच्या, सरकणाऱ्या टेलस्टॉकच्या टोकापर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेपासून. रूळ या रेषेला समांतर हवेत, आणि राउटरचं बिट बरोबर हिच्या माथ्यावर हवं. म्हणून राउटरला हात लावण्याआधी टोकं जुळवावीत. अनेक जण उलट करतात. आधी बिट नीट लावतात, मग टेलस्टॉक हलवतात, आणि बिट पुन्हा चुकतं.

टेलस्टॉक सरकवून हेडस्टॉकजवळ आणावा. दोन्ही टोकं एकमेकांपासून सुतापेक्षाही कमी अंतरावर असताना त्यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी उभी धरावी आणि टेलस्टॉकची मूठ हलकेच आवळत न्यावी. पट्टी टोकांच्या चिमटीत अडकते. मग हात सोडायचा आणि पट्टीकडे पाहायचं. टोकं समोरासमोर असतील तर ती ताठ उभी राहते. टेलस्टॉकचं टोक वर-खाली असेल तर ती पुढे किंवा मागे कलते. डावं-उजवं असेल तर वळते. या पट्टीला फसवता येत नाही. केसाएवढा फरक असला तरी ती तिरकी होते, आणि तो फरक डोळ्यांना दिसतो.

जवळ जुळलेली टोकं लांब गेल्यावर जुळतीलच असं नाही. त्यासाठी आठवडी बाजारात मिळणारा गळाचा नायलॉन दोरा पुरतो. टेलस्टॉक शेवटपर्यंत न्यावा, दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधावा आणि दोन्हीकडच्या रुळांपासून दोऱ्याचं आडवं अंतर जागोजागी मोजावं. उंची मात्र या दोऱ्याने मोजू नये. कितीही ताणला तरी तो मध्ये थोडा झोळतो.

बिट मध्यावर

आता राउटर. त्याचा प्लग काढून, गाडा टेलस्टॉकपाशी आणून, टोकदार व्ही-बिट हळूच खाली उतरवावं. बिटाचं टोक सेंटरच्या टोकाला भेटायला हवं. समोरून पाहावं, मग बाजूने. नंतर गाडा हेडस्टॉककडे नेऊन तिथेही तेच. एका टोकाला भेटतं आणि दुसऱ्याला चुकतं, तर रूळ मध्यरेषेला समांतर नाहीत. दोन्हीकडे सारखंच चुकतं, तर फक्त राउटरची पाटी सरकवायची आहे.

टोक भेटलं म्हणजे बिट ओळंब्यात आहे असं नव्हे. राउटरच्या कॉलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, जाड तार धरून ती काटकोनात वाकवावी, तिचं टोक एका रुळाला जेमतेम टेकवावं आणि हाताने फिरवून दुसऱ्या रुळावर न्यावं. दोन्हीकडे सारखीच घासली तर बिट आडव्या दिशेने ताठ. एकीकडे अडली आणि दुसरीकडे तरंगली तर पाटीखाली पत्रा घालावा.

खरी परीक्षा लाकडावरच. शिवणीचा किंवा दुसरा कोणताही सरळ रेषांचा, स्वस्त तुकडा गोल करून त्यावर व्ही-बिटने एक सरळ पन्हळ पाडावी. नंतर त्या दांड्याच्या टोकाची इंचभर चकती करवतीने कापून हातात घ्यावी. चकतीच्या मधोमध सेंटरचं भोक असतंच. त्या भोकातून पन्हळीच्या तळापर्यंत पेन्सिलची रेघ ओढावी. रेघेने व्हीचे दोन सारखे भाग केले, दोन्ही बाहू सारख्या लांबीचे आले, तर बिट मध्यावर आहे. एक बाहू लांब असेल तर बिट बाजूला सरकलेलं आहे. तीस मिलिमीटर त्रिज्येच्या दांड्यावर बिट एक मिलिमीटर सरकलं, तर व्ही जवळजवळ दोन अंश कलते. उजव्या आणि डाव्या पिळाचे दोन खांब देव्हाऱ्याला समोरासमोर लावले, की हे दोन अंश गिऱ्हाइकाला दिसतात. काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही, पण खांब जोडीचे वाटत नाहीत.

दोन कड्यांची कसोटी

उंचीची परीक्षा वेगळी. दोन फुटांचा दांडा चढवून त्याच्या दोन्ही टोकांना बोटभर रुंदीची एकेक कडी ठेवावी, मधला भाग थोडा खोल घ्यावा. मग राउटरच्या खोलीला अजिबात हात न लावता एकाच फेरीत दोन्ही कड्यांवरून हलका कट घ्यावा आणि व्हर्निअरने दोन्हींचा व्यास मोजावा. व्यासात जेवढा फरक, त्याच्या निम्मा फरक उंचीत. एक कडी ५०.० आणि दुसरी ५०.६ मिलिमीटर आली, तर टेलस्टॉक ०.३ मिलिमीटर वर-खाली आहे. कित्येक जण इथे पूर्ण ०.६ चा पत्रा घालतात आणि चूक उलट्या दिशेने तेवढीच करून ठेवतात.

दांड्याचा मधला भाग नंतर कड्यांच्या मापात आणून तोही मोजावा. मध्ये जाड आणि टोकांना बरोबर असेल, तर लाकूडच बिटाखाली वाकून पळतंय; लांब बारीक दांड्याला मध्ये आधार द्यावा, कट हलका घ्यावा. मध्ये बारीक असेल, तर राउटरच्या वजनाने रूळ झोळतात आणि त्यांच्या मध्यावर टेकू हवा. अंगावर बारीक लाटा आल्या तर गाड्याच्या चाकांत ढिलाई आहे किंवा हँडल घाईने फिरलंय. ही चार लक्षणं ओळखता आली, की निम्म्या वेळा पाना उचलावाच लागत नाही.

पीळ आणि दात्यांमधली ढिलाई

पिळाचं गणित सोपं आहे. स्क्रूच्या एका फेऱ्यात गाडा ५ मिलिमीटर सरकत असेल आणि स्क्रूचे २० फेरे झाल्यावर लाकडाचा एक फेरा होईल असे गिअर लावले, तर १०० मिलिमीटरमध्ये एक पूर्ण पीळ. गिअर बदलला की पीळ लांबतो किंवा आखडतो.

बिघडतं ते दात्यांमधल्या मोकळ्या जागेने. हँडल पुढे फिरवताना दाते एका बाजूने टेकतात, मागे फिरवताना दुसऱ्या बाजूने, आणि मधली चाल फुकट जाते. लाकूड एका अंशाने मोकळं हललं तर ६० मिलिमीटरच्या खांबावर नक्षी अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणजे सुताचा सहावा हिस्सा. गिअर जवळ घेऊन ही मोकळीक कमी होते, पण अगदी शून्य केली तर दाते घासून जाम होतात. दोन दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून गिअर आवळावेत आणि मग कागद फिरवून काढावा. तेवढी जागा पुरते. उरलेल्या ढिलाईवर शिस्तीचा उपाय: प्रत्येक कट एकाच दिशेने. गाडा मागे आणताना राउटर उचललेला असावा, सुरुवातीच्या खुणेच्या तीन-चार बोटं मागे जावं, मग पुढे येत खुणेवर बिट उतरवावं. मागे येता येता कापण्याचा मोह झाला की पिळाची कड दुहेरी होते.

चार किंवा सहा पदरांचा पीळ हवा असेल तर भोकांची चकती कामाला येते. २४ भोकांच्या चकतीवर २, ३, ४, ६, ८ आणि १२ पदर बसतात. ५ पदर हवे असतील तर ६० भोकांची चकती लागते. शेवटचा पदर कापून झाला की चकती पुन्हा पहिल्या भोकावर आणून, राउटर बंद ठेवून, बिट पहिल्या खोबणीत उतरवून पाहावं. ते कडेला न लागता तळाला बसलं तर चकती आणि तिला अडकवणारी खीळ दोन्ही विश्वासाच्या. कडेला घासलं तर खीळ भोकात ढिली आहे. जाड खीळ घडवून घ्यावी.

कट नेहमी बेताचा: एका फेरीत सूतभर खोली, त्याहून जास्त नाही. सागात सिलिका असते, साधी पाती लवकर बोथट होतात, म्हणून कार्बाइडची बिटं घ्यावीत. मोठ्या व्यासाच्या बिटाला राउटरचा वेग १०-१२ हजार फेऱ्यांवर आणावा. सागाच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, दम लागतो. नाकाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे मात्र फिरत्या बिटाजवळ घालू नयेत.

लाकडाचा स्वभाव

आता सुरुवातीच्या त्या पाव सुताकडे. ओल्या सागाचा पूर्ण कोरडा साग होताना तो वलयांच्या अंगाने सुमारे ५.८ टक्के आखडतो, तर गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्केच. सगळीकडून सारखा आखडत नाही, हीच मेख. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा करकरीत कोरडी. त्या हवेत लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. भरपावसात तेच लाकूड १६ टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊ शकतं. दहा टक्क्यांचा हा फरक ७५ मिलिमीटरच्या खांबात पूर्णपणे मुरला, तर एका अंगाने खांब जवळपास दीड मिलिमीटर हलतो आणि दुसऱ्या अंगाने जेमतेम ०.६. मधला फरक साधारण ०.८ मिलिमीटर, म्हणजेच पाव सूत. पॉलिश केलेला जाड खांब एका पावसाळ्यात इतका ओलावा घेत नाही, पण उघडा पडलेला, कोरा खांब त्याच्या जवळ जातो.

त्यामुळे लंबगोल आलेला खांब पाहिला की आधी त्याचं टोक पाहावं. जाड भरतो तो व्यास वलयांच्या अंगाने असेल, तर दोष ओलाव्याचा. वलयांशी त्याचा काही संबंध नसेल, तर सेंटरची टोकं लाकडात ढिली झालीत का ते तपासावं.

खांबांसाठी चौरस तुकडे कापून टोकांना मेण किंवा रंग लावावा, म्हणजे ती तडकत नाहीत, आणि तुकडे सावलीत, वारा खेळेल अशा थप्पीत ठेवावेत. ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. थप्पीतल्या एका तुकड्यावर नंबर घालून दर आठवड्याला किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर तो तोलावा आणि वजन पाटीवर लिहावं. तीन-चार आठवडे वजन जागेवर राहिलं की तो त्या ऋतूच्या हवेशी जुळला. तीन इंची तुकड्याचं बाहेरचं अंग सुकलेलं आणि पोट ओलं असं फार होतं. त्याची घाई केली तर पन्हळ पाडल्यावर आतला ओलावा उघडा पडतो आणि खांब रात्रीतून वाकतो. या जंगलातली शिवण फारशी हलत नाही, हळदू बारीक पोताचा असतो आणि कातायला गोड; शिकाऊ हातांनी यांच्यावर सराव करून मग सागाकडे यावं.

एका संचाचे सगळे खांब एकाच थप्पीतून, एकाच आठवड्यात कापावेत. अर्धे मेमध्ये आणि अर्धे जुलैमध्ये कापले, तर मिल कितीही नेमकी असो, ते जुळणार नाहीत.

पावसाळ्याआधी आणखी एक तयारी लागते. आलापल्ली-भामरागड रस्त्यावरचे नाले भरले की वाट कित्येक दिवस बंद राहते, आणि एका मोडक्या कॉलेटपायी सगळं काम अडतं. जूनच्या पहिल्या पावसाआधी दोन कॉलेट, नेहमीची बिटं, राउटरचे कार्बन ब्रश आणि मूठभर पत्र्याच्या पाचरा कारखान्यात असाव्यात. दोन कड्यांचा तो कसोटीचा दांडा खुंटीला टांगून ठेवावा, त्यावर तारीख आणि दोन्ही व्यास पेन्सिलने लिहून. पाऊस लागल्यावर एकदा, दिवाळीच्या सुमारास दुसऱ्यांदा आणि होळीनंतर तिसऱ्यांदा नवा दांडा कापून जुन्याशेजारी टांगावा. दोन-तीन वर्षांच्या दांड्यांची रांग झाली, की आपली मिल कोणत्या महिन्यात कुठल्या बाजूला झुकते ते त्या रांगेवरच वाचता येतं, आणि कोणत्या पायाखाली किती जाडीचा पत्रा घालायचा तेही.